जुनी फिल्म

मार्केट यार्डातील भुसार मालाच्या त्या पेढीवर चाळीस वर्षांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या लाल कापडात बांधून सालवार ठेवलेल्या आहेत. कोणत्या शेतकऱ्याची तूर कोणत्या साली कोणत्या भावाने गेली, हे पेढीचे मालक आजही पाच मिनिटांत काढून दाखवतात. घरात आणि बाजारात सारे त्यांना बाबूजी म्हणतात. मात्र त्यांच्या छातीचा पूर्वीचा एक्स-रे कोठे आहे, असे रुग्णालयात विचारले गेले, तेव्हा ७१ वर्षांच्या या चोख गृहस्थांना उत्तर देता आले नाही.

प्रसंग साधाच होता. हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्याआधीच्या तपासण्यांत छातीचा एक्स-रे होता. संध्याकाळी रिपोर्टचे पाकीट घरी आले. ते शल्यचिकित्सकांकडे न्यायचे सोडून थोरल्या मुलाने गादीवर बसूनच फोडले. ‘उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात गोलसर सावली, सीटी स्कॅन करावा,’ अशा अर्थाची दोन ओळींची नोंद त्यात होती. धाकट्याने मोबाईल काढला आणि अर्ध्या तासात घरात कर्करोग हा शब्द येऊन बसला. बाबूजींच्या पत्नींनी माळ हाती घेतली. आणखी एक गोष्ट सर्वांना एकदमच आठवली. एक्स-रे काढणाऱ्या मुलाला ‘कसं आहे?’ असे विचारले असता तो काही बोलला नव्हता, नुसता मान खाली घालून पुढच्या रुग्णाला हाक मारत निघून गेला होता. त्याला नक्कीच काहीतरी दिसले असणार, असे घराने ठरवून टाकले.

हा गैरसमज सार्वत्रिक आहे. यंत्रावर रुग्णाला उभे करणारा, श्वास रोखायला सांगणारा माणूस तंत्रज्ञ असतो. प्रतिमा नीट मिळवणे हे त्याचे काम. तिचा अर्थ सांगणे हे त्याचे काम नाही, आणि तो गप्प राहतो तेव्हा केवळ आपली मर्यादा पाळत असतो. अर्थ लावणारे डॉक्टर निराळे. एमबीबीएसनंतर आणखी तीन वर्षे याच विद्येचे एमडी करून ते क्ष-किरणतज्ज्ञ होतात, आणि त्यांचा दिवस बहुतेक वेळा मंद उजेडाच्या खोलीत पडद्यांसमोर जातो. जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रॉन्टगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण सापडले. काही आठवड्यांनी त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, त्यात हाडांबरोबर बोटातली अंगठीही उमटली. तेव्हापासून या विद्येचा पेच तोच आहे. सावली दिसते, पण ती कशाची हे सावली स्वतः सांगत नाही. त्यासाठी रुग्णाची हकिगत लागते. पेढीवरच्या माणसांना हे समजायला कठीण जाऊ नये. आकडा वहीत स्पष्ट असतो, तरी तो कोणत्या व्यवहाराचा हे सांगायला जुना दिवाणजीच लागतो.

सीटीचा दिवस नेमका चतुर्दशीचा निघाला. बाबूजींचा चौविहार उपवास होता. तपासणीला उपाशीपोटी यायला सांगितले आहे, तर सहजच जमले, असे त्यांनी मानले. परिचारिकेने फॉर्म भरताना चालू औषधे विचारली, तेव्हा त्यांनी ‘काही नाही’ म्हणून सांगितले. धाकट्या सूनबाईंनी पर्समधून साखरेच्या गोळ्यांची पट्टी काढून पुढे ठेवली. ‘पूर्वीचा मोठा आजार’ या ओळीपुढे थोरल्या मुलाने ‘नाही’ लिहिले आणि बाबूजींनी सही केली.

फॉर्म वाचून क्ष-किरणतज्ज्ञ बाई स्वतः बाहेर आल्या. शल्यचिकित्सकांच्या चिठ्ठीवर शिरेतून औषध देऊन करायचा सीटी लिहिला होता. हे औषध आयोडीनयुक्त असते. ते आत जाताना अंगभर ऊब पसरते, तोंडाला धातूसारखी चव येते, कपड्यांत लघवी झाली की काय असे क्षणभर वाटते. हे सारे मिनिटाभरात ओसरते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र ते शरीराबाहेर टाकण्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट, पूर्वीच्या अॅलर्जीची माहिती आणि मधुमेहाच्या गोळ्यांचे नाव आधी विचारले जाते. बाबूजींच्या पोटात आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता आणि क्रिएटिनिन दोन वर्षांपूर्वीचे होते.

“आज साधाच स्कॅन करू. या प्रश्नाला तो पुरेसा आहे,” असे बाईंनी सांगितले.

“मॅडम, पैशांचा प्रश्न नाही. जो उत्तम असेल तो करा,” थोरला मुलगा म्हणाला. बाजारातल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य येणारच.

“महाग तो उत्तम असं इथे नसतं. त्या डागात कॅल्शियम आहे का, एवढंच आधी पाहायचं आहे. गरज पडलीच तर उपवासाचा दिवस टाळून, पाणी पिऊन या, तेव्हा पुढचं करू.”

तप करणाऱ्या घरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वर्षीतप चालू असेल तर तारीख बियासणाच्या दिवसाची मागावी. पोटाची सोनोग्राफी सहा ते आठ तास उपाशी राहून करायची असते, तेव्हा चौविहार करणाऱ्याला सकाळची पहिली वेळ सोयीची पडते. ओटीपोटाच्या सोनोग्राफीला मात्र मूत्राशय भरलेले लागते, म्हणून नवकारसीनंतर घरचे उकळलेले पाणी चार-पाच पेले घेऊन तासाभराने जाता येईल अशी वेळ घ्यावी. कारण सांगितले तर बहुतेक ठिकाणी वेळ बदलून मिळते. न सांगितले तर कोणाला कळणार?

यंत्राखाली बाबूजींना पाच मिनिटेही लागली नाहीत. छातीच्या एका एक्स-रेत जेवढी किरणे मिळतात तेवढी माणसाला निसर्गातून साधारण दहा दिवसांत मिळतच असतात. छातीच्या नेहमीच्या सीटीत हा हिशेब सुमारे दोन वर्षांचा होतो, म्हणून सीटी कारणाशिवाय करू नये आणि कारण असताना टाळूही नये. एमआरआयची गोष्ट वेगळी. त्यात क्ष-किरण नसतात, पण त्याचे चुंबक रात्रंदिवस चालू असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे घेऊन त्या खोलीत शिरलेला तरुण यंत्राकडे खेचला जाऊन मृत्युमुखी पडला. तो रुग्णही नव्हता, नातेवाइकाबरोबर आलेला होता. तेव्हा बाहेर कोणी बांगड्या, किल्ल्या, गळ्यातील साखळी काढायला सांगितली तर वाद घालू नये. स्तनांच्या मॅमोग्राफीला जाताना काखेत पावडर वा सुगंधी द्रव्य लावू नये, कारण त्याचे कण चित्रात संशयास्पद ठिपक्यांसारखे दिसतात. आणि गर्भवती सुनेच्या सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारू नये. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि खुणेने विचारले तरी तो गुन्हाच राहतो.

स्कॅन झाल्यावर बाईंनी बाबूजींना एकट्यालाच आत बोलावले. पडद्यावर त्यांचेच फुफ्फुस होते आणि त्यात हाडासारखा पांढराशुभ्र, हरभऱ्याएवढा डाग.

“काका, यात कॅल्शियम भरलेलं दिसतं आहे. असा डाग बहुधा जुना असतो. तरुणपणी कधी क्षय झाला होता का?”

बाबूजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले. १९७२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी खोकल्यातून रक्त पडले होते. वडिलांनी त्यांना परगावी मामांकडे पाठवले. दीड वर्ष गोळ्या चालल्या आणि त्यांतले पहिले काही महिने इंजेक्शनेही. गावात सांगितले गेले की मुलगा मामांच्या पेढीवर व्यापार शिकायला गेला आहे. पुढे त्यांचे लग्न झाले, बहिणींची झाली, मुलींची झाली. प्रत्येक संबंधाच्या वेळी ती गोष्ट अधिकच खोल पुरली गेली. पत्नींनाही ठाऊक नव्हती. “संसार मोडला असता, मॅडम,” एवढेच ते म्हणाले.

बाईंनी त्यावर काही भाष्य केले नाही. पूर्वीची एखादी फिल्म मिळाली तर काम पक्के होईल, एवढे मात्र सांगितले. आज दिसणारा डाग दहा वर्षांपूर्वीही तेवढाच असेल तर तो वाढणारा नव्हे. घन गाठ दोन वर्षे जशीच्या तशी राहिली तरी ती बहुधा निरुपद्रवी मानली जाते. नुसत्या एका चित्राने हे कळत नाही, दोन चित्रांमधल्या काळाने कळते. जुन्या फिल्म रद्दीत देणारी घरे हा पुरावाच देऊन टाकतात.

त्या रात्री घर उलटेपालटे झाले. माळ्यावर लग्नपत्रिका निघाल्या, विम्याच्या मुदत संपलेल्या पॉलिसी निघाल्या. फिल्म अखेरीस पेढीवर सापडली, २०११-१२ च्या खतावणीच्या खाली. त्या वर्षी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी कोणीतरी काढून घेतलेला एक्स-रे, पाकीटही न फोडलेला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन्ही चित्रे शेजारी लावली. तीच जागा, तोच आकार. रिपोर्टमध्ये त्यांनी जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाची खूण अशी नोंद केली, सक्रिय आजाराची लक्षणे नाहीत असे लिहिले आणि २०११ च्या फिल्मशी तुलना केल्याचा उल्लेखही केला. थोरल्या मुलाने रिपोर्ट वाचला. ‘क्षय’ या शब्दावर त्याची नजर थांबली, पण वडिलांसमोर त्याने काही विचारले नाही.

हर्नियासाठी भरती होताना पुन्हा तसाच फॉर्म समोर आला. मुलाने नाव, वय, पत्ता भरला आणि ‘पूर्वीचा मोठा आजार’ या ओळीशी पेन थबकले. बाबूजींनी ते त्याच्या हातातून घेतले. वहीत लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत त्यांनी लिहिले, ‘क्षय, सन १९७२, उपचार पूर्ण’, आणि कागद शेजारी बसलेल्या पत्नीच्या हाती वाचायला दिला.