जाताना पाटी भरलेली असायची

महागाईवर बोलायचं म्हटलं की आपण सगळे तेल, गॅस आणि कांद्याच्या भावावर येतो. त्यावर बोललंच पाहिजे. पण गेले काही महिने मी भोर-वेल्ह्यातल्या ओळखीच्या घरांत खर्चाचा हिशोब विचारत फिरतेय. मला वाटतं, आपल्याकडे भाववाढीपेक्षाही मोठी गोष्ट घडलीय. आपण बाजारात कोण म्हणून जातो, तेच बदललंय. पोस्ट लांब आहे, पण हिशोब तुमच्या-आमच्या घरचा आहे, तेवढी वाचा.

माझं माहेर वेल्हे तालुक्यातलं (आता सरकारी नाव राजगड), कानंद खोऱ्यातलं. सासर भोरचं. माहेरी आई-आजी बाजाराच्या दिवशी निघायच्या तेव्हा डोक्यावरची पाटी रिकामी नसायची. गावठी अंडी, पावसाळ्यात रानभाजी, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, कधी हिरडा, कधी चार पायली तांदूळ, अगदीच नड असली तर कोंबडा. आधी ते विकायचं आणि त्या पैशात मीठ, गूळ, गोडंतेल, चहापूड, कोकणातून घाट चढून आलेली सुकट घेऊन परत यायचं. भोरचा बाजार असो, नसरापूरचा असो की वेल्ह्याचा, तिथे आलेली बाई आधी विकणारी असायची आणि मग गिऱ्हाईक. घरात रोख पैसा फार नव्हता, पण जो होता त्यातला बराच बाईच्या कनवटीला असायचा.

आता कुणी म्हणेल, झालं, जुनं ते सोनं सुरू. नाही हो. जुनं सगळं सोनं नव्हतं. आवणीच्या दिवसांत घरात काही उरलेलं नसायचं, तेव्हा दुकानाच्या वहीवर माल यायचा आणि दिवाळीनंतर भात झोडलं की फिटायचा. वही त्याची, काटा त्याचा, भावही त्याचाच. भात खळ्यावर असतानाच अर्धं त्याचं झालेलं असायचं. आज पाकिटावर वजन आणि किंमत छापलेली असते आणि दुकानदार बदलता येतो, ही सुधारणाच आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही.

मग बिघडलं कुठं? जरा आकडे बघू.

केंद्र सरकार घरगुती खर्चाची पाहणी करतं. 1999-2000 साली देशातल्या ग्रामीण भागात खर्चाच्या दर 100 रुपयांतले 22 रुपये नुसत्या धान्यावर जायचे. 2022-23 च्या पाहणीत ते 5 रुपयांच्याही खाली आले. त्याच पाहणीत चहा-पेयं, बाहेरचं खाणं आणि पाकिटातले तयार पदार्थ यांवर साडेनऊ रुपयांच्या वर खर्च निघाला. म्हणजे गावातला माणूस तांदूळ-गव्हापेक्षा जवळपास दुप्पट पैसा या तयार खाण्यापिण्यावर घालतोय. धान्याचा खर्च घटण्यात रेशनचा मोठा वाटा आहे, हे मान्य. जानेवारी 2023 पासून तर रेशनचं धान्य फुकट आहे. पण वाचलेला पैसा गेला कुठं, हे घराघरांत दिसतं.

एका घराचा हिशोब सांगते. नाव-गाव नको. नवराबायको, दोन मुलं, सासूबाई. सकाळी चहाबरोबर बिस्किटाचा पुडा, शाळेतून आल्यावर मुलांना कुरकुरीत काहीतरी दोन पाकिटं, संध्याकाळी पुन्हा एक, शिवाय एखादी फरसाणची पुडी. दहा-दहा रुपयांची पाच पाकिटं धरा. दिवसाला 50, महिन्याला 1500. हा आकडा ओळखीचा वाटला ना? लाडक्या बहिणीच्या खात्यावर जुलै 2024 पासून सुरू झालेली रक्कम तेवढीच आहे. एका हाताने आली, दहा-दहाच्या नोटांनी गेली.

यात मी त्या बाईला दोष देत नाही, नीट लक्षात घ्या. ती सकाळी सातला कंपनीच्या गाडीत बसते आणि अंधार पडल्यावर घरी येते. नाचणीची भाकरी थापायला, शेंगदाण्याचे लाडू वळायला तिला वेळ कुठं आहे? पाकीट ही तिची चैन नाही, सोय आहे. पण त्या सोयीचा भाव काय पडतो ते तरी बघू या. दहाच्या पाकिटात 25 ग्रॅम वेफर असतील, तर किलोला 400 रुपये झाले. बटाट्याला! शाम्पूच्या पुडीचं वेगळं आहे, ती कधीकधी मोठ्या बाटलीपेक्षाही स्वस्त पडते. म्हणजे लहान पाकीट म्हणून सगळं वाईट असंही नाही. प्रत्येक वस्तूचा हिशोब निराळा करावा लागतो. आणि किंमत दहावरच थांबलेली असली तरी आतलं वजन थांबलेलं नसतं. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं, फरसाण, साबण, शाम्पूवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला. तुमच्या पुड्याचं वजन वाढलं का, की किंमत कमी झाली? बघितलंत?

तसाच मोबाइल. त्याच घरात तीन फोन. महिन्याचं रिचार्ज म्हणतो आपण, पण बरेच प्लॅन असतात 28 दिवसांचे. 28 दिवसांनी भरलं की वर्षात 12 नाही, 13 वेळा पैसे जातात. पगार मात्र 12 वेळाच होतो.

आणि महिन्याचा किराणा? तो आता पुण्यात. तिथल्या मोठ्या दुकानात डाळ किलोमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त मिळते, हे खरंय. पण भोरहून कात्रजपर्यंत मोटरसायकलवर जाऊन-येऊन दोन लिटर पेट्रोल लागतं. 200 रुपये रस्त्यावरच गेले. शिवाय तिथे गेल्यावर यादीत नसलेलं काय काय गाडीवर चढतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते तांदळाचं. आपली ओळख इंद्रायणीची. पुण्याचा माणूस सिंहगड-राजगड फिरून जाताना इथला तांदूळ शोधत येतो, किलोला साठ-सत्तर रुपये मोजतो. आणि पिकवणारी बरीच घरं भात निघाल्या निघाल्या नडीपोटी विकून टाकतात आणि वर्षभर रेशनचा तांदूळ खातात. रेशन हवंच, त्यावर कितीतरी चुली पेटतात. पण विकायचंच असेल तर ते साळ म्हणून खळ्यावरून का जातं? गिरणीतून काढून, किलोची पिशवी करून आपल्याच बाजारात आपल्या बाईच्या हातून का जात नाही?

मूळ मुद्दा हा आहे. पैसा पूर्वीपेक्षा जास्त येतो, पण थांबत नाही. सकाळी खात्यावर येतो, दुपारी स्कॅन करून जातो, आणि बहुतेक तालुक्याबाहेर. पूर्वी भोरच्या बाजारात दिलेले चार आणे दुसऱ्या खोऱ्यातल्या बाईकडे जायचे आणि फिरून तुमच्याकडे यायचे. आता बाजारात मोठा टेम्पोवाला भाजीही पुण्याहून आणतो, आणि आपली बाई रिकामी पिशवी घेऊन येते. तिच्याकडे विकण्यासारखं काही उरलं नाही असं नाही. कोंबड्या पाळता येतात, रानात भारंगी आजही उगवते. पण दिवसभर घरी कुणी नसतं, आणि बाजारात पाटी घेऊन बसायला धड जागाही नसते.

2011 च्या जनगणनेत अख्ख्या वेल्हे तालुक्याची लोकसंख्या 55 हजारांच्या आत होती. एवढ्याशा तालुक्यातून रोज किती दहाच्या नोटा घाटाखाली उतरतात, याचा विचार करा.

उपाय म्हणून मोठं काही सांगत नाही. एक महिना वहीत खर्च लिहा, फोन-पाकिटं-पेट्रोल वेगळं काढून. अंडी, तांदूळ, कडधान्य या तीन गोष्टी तरी ओळखीच्या घरातून घ्या, भाव दोन रुपये जास्त पडला तरी. बचतगटातल्या ताईंनी मसाल्याच्या जोडीला यंदा इंद्रायणीची पिशवी करून बघावी.

आणि नगरपालिका, ग्रामपंचायतींना एकच मागणी. आठवडे बाजारात पाटीवाल्या बायांसाठी ओटे राखून ठेवा. डोक्यावर पत्रा, प्यायला पाणी, जवळ स्वच्छतागृह, आणि पाचशे रुपयांच्या आतल्या मालाला बाजारकर नको. याला काही कोटींचा निधी लागत नाही. ग्रामसभेत हात वर करून विषय मांडावा लागतो, एवढंच. पुढच्या ग्रामसभेत मी मांडणार आहे. तुमच्या गावात कोण मांडणार?