घरचा कोको

डिसेंबर महिना लागला, म्हणजे आमच्या सांगवीस पवना व मुळा या दोन नद्यांवरून येणारें गार वारें पहांटेच्या वेळीं अंगाला झोंबूं लागतें. अशा वेळीं हातांत ऊन ऊन कोकोचा पेला असावा आणि घरांतील लहानथोर मंडळी भोंवतीं जमावी, यासारखें सुख नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, या सुखाविषयीं चार शब्द लिहावे असें आम्ही ठरविलें खरें. परंतु आमची एक चूक प्रथम कबूल केल्यावांचून लेखणी पुढें सरकेना. म्हणून तीच आधीं सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं पालकसभेच्या दिवशीं आमच्या वर्गांतील एका मुलाची आई आम्हांस भेटली. ती माउली चार घरचीं धुणींभांडीं करून संसार चालवीत असे. मुलगा हुशार, पण अंगानें किरकोळ. तिसऱ्या तासाला त्याचे डोळे मिटूं लागत. आम्ही मोठ्या आत्मविश्वासानें म्हणालों, "ताई, त्याला रोज दुधांतून एखादी शक्तिवर्धक पावडर देत जा. आमच्या घरीं आम्ही तेंच करतों." तिनें मान डोलाविली व ती गेली.

सहा महिन्यांनीं तो मुलगा दाढदुखीमुळें चार दिवस शाळेंत आला नाहीं. त्याची आई रजेचा अर्ज घेऊन आली आणि बोलतां बोलतां म्हणाली, "सर, डबा लई महाग पडतो. म्हणून दूध अर्ध्यावर आणलं, अंडं बंद केलं. पण तुम्ही सांगितलेला डबा कधी चुकवला नाही."

तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. उलट आज्ञा पाळल्याचें समाधान होतें. तेंच आम्हांस अधिक लागलें. त्या सायंकाळीं घरीं येऊन आम्ही आमचा स्वतःचा डबा फळीवरून खालीं काढला व चष्मा लावून त्याची पाठीमागची बाजू वाचली. जवळजवळ एक तृतीयांश भाग निव्वळ साखर! वीस वर्षें मुलांस वाचावयास शिकविणाऱ्या माणसानें घरांतल्या डब्यावरील बारीक अक्षर एकदांही वाचलें नव्हतें.

पुढें सन २०२४ च्या एप्रिल महिन्यांत केंद्र सरकारच्या वाणिज्य व उद्योग मंत्रालयानें ऑनलाइन दुकानदारांस कळविलें कीं, अशीं पेयें 'हेल्थ ड्रिंक' या सदराखालीं विकूं नयेत. कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यांत अशा नांवाचा कोणताही प्रकार सांगितलेला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सुचविलें आहे कीं, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकंदर उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पांच टक्क्यांच्या आंत राहिल्यास अधिक बरें. प्रौढ माणसास हें शेवटलें प्रमाण सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमचे, इतकें पडतें. मुलांस अर्थातच त्याहून कमी.

मग आम्ही घरीं कोको करण्याचें मनावर घेतलें, आणि त्या निमित्तानें त्याची कुळकथाही पाहिली. कोकोचें झाड मूळचें अमेरिका खंडांतील. लिनियस या शास्त्रज्ञानें १७५३ सालीं त्यास जें नांव दिलें, त्याचा अर्थ 'देवांचें अन्न' असा होतो. फळांतील बिया आंबवून, वाळवून, भाजून वाटल्या म्हणजे जो लगदा होतो, त्यांत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. हॉलंडांतील व्हॅन हाउटेन यांच्या कारखान्यांत १८२८ सालीं तो दाबून काढण्याची युक्ति निघाली, आणि उरलेल्या पेंडीची भुकटी तीच आपली कोको पावडर. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनीं दारूऐवजीं लोकांनीं हें पेय प्यावें म्हणून त्याचा पुरस्कार केला. आज आपल्या देशांतही केरळ, कर्नाटक, आंध्र व तामिळनाडू या प्रांतांत नारळी-पोफळींच्या सावलींत कोको पिकतो. कर्नाटकांत पुत्तूर येथें बागाइतदारांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून आहे. आणि चाकणहून तळेगांवास जातांना वाटेवर लागणाऱ्या इंदुरीसही असा मोठा कारखाना आहे, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेलच.

आमचा पहिला प्रयत्न सपशेल फसला. उकळत्या दुधांत कोको टाकला, तों त्याच्या गुठळ्या वर तरंगूं लागल्या. फोडून पाहावें तों आंत कोरडी भुकटी! आमच्या मातोश्री जवळच बसल्या होत्या. त्या हंसून म्हणाल्या, "अरे, पिठल्याचं पीठ कधी उकळत्या पाण्यात तसंच टाकतात का?" झालें! पदवीधराचें अडलेलें कोडें पिठल्यानें सोडविलें. कोको दुधांत विरघळत नाहीं, केवळ मिसळून राहतो. म्हणून तो आधीं कालवून घ्यावा लागतो.

आतां कृति सांगतों. एका पेल्यास बिनसाखरेची कोको पावडर दोन लहान चमचे सपाट भरून घ्यावी. तींत एक लहान चमचा साखर व चिमूटभर मीठ कोरडेंच मिसळावें. त्यामुळें भुकटीचे कण एकमेकांपासून सुटे होतात. मग दोन-तीन चमचे कोमट दूध घालून गुळगुळीत होईपर्यंत घोटावें. उरलेलें दूध उकळून त्यांत हें कालवण ओतावें आणि मंद आंचेवर दोन मिनिटें ढवळावें. वेलदोड्याची पूड किंवा दालचिनीचा लहानसा तुकडा घातल्यास गोडी वाढल्याचा भास होतो व साखर कमी लागते. शेवटीं रवीनें घुसळल्यास सुरेख फेंस येतो. गूळ घालणें झाल्यास भांडें खालीं उतरवून मग घालावा, नाहींतर दूध नासण्याचें भय. आणि गूळ ही देखील साखरच, हें विसरूं नये. जिभेस फार गोडाची संवय असेल, तर दर आठवड्यास थोडी थोडी साखर कमी करावी. महिन्याभरांत जीभ तक्रार करीत नाहीं. कोकोंत थोडें कॅफीन व त्याच्याच जातीचें दुसरें एक उत्तेजक द्रव्य असतें, म्हणून लहान मुलांस तो निजावयाच्या वेळीं देऊं नये.

हें सारें शिकल्यावर आम्ही कोकोची एक पुडी घेऊन त्या माउलीच्या घरीं गेलों. आमचा सल्ला चुकीचा होता, असें स्पष्ट सांगितलें व कृति समजावून दिली. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग सर, आधी दूध अन् अंडं परत सुरू करू? कोको रविवारी केला तर चालेल?"

आम्ही लांबलचक व्याख्यानाच्या तयारीनें गेलों होतों. तिनें एका वाक्यांत सार काढलें. पोषण होतें तें दुधानें, अंड्यानें, डाळभाकरीनें. कोको ही केवळ आनंदाची वस्तु, आणि आनंद बेताचा असला म्हणजे गोड लागतो. "अगदीं चालेल," आम्ही म्हणालों.

तो मुलगा आतां वरच्या वर्गांत आहे. मधल्या सुटींत भेटला म्हणजे कधींकधीं विचारतो, "सर, तुमच्याकडं अजून गुठळ्या होतात का?" होतात, बाळा, घाई केली म्हणजे अजूनही होतात! पालकहो, आम्हां शिक्षकांचा शब्द आपण विश्वासानें घरीं नेतां. तो देण्यापूर्वीं आम्हीं डब्याची दुसरी बाजू वाचावी, हें आमचें कर्तव्य. आणि विद्यार्थिमित्रांनो, आपण वाचावयास शिकलांच आहां. तर पुढच्या खेपेस दुकानांत उभे असतांना तेथेंच तो धडा मोठ्यानें वाचून आईला ऐकवा.