तारीख कोणती?

रत्नागिरीच्या राम आळीतील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी गेल्या पावसाळ्यात आठ-दहा दिवस कोणाला नीट अन्न गोड लागले नाही. धाकट्या सूनबाईंना दहावा आठवडा सुरू होता. आधीचा गर्भ टिकला नव्हता, म्हणून डॉक्टरांनी या खेपेस रक्ताची ‘टॉर्च’ तपासणी करविली. अहवालात टोक्सोप्लाझ्मासमोर आयजीजी व आयजीएम, दोन्ही ‘पॉझिटिव्ह’ होते.

“आपल्या घरात कधी अंडेसुद्धा आले नाही. हा आजार इथे कसा?” सासूबाईंची शंका रास्त होती, पण अर्धीच. कच्चे वा अर्धवट शिजलेले मांस हा या परजीवीचा एक मार्ग, दुसरा मातीचा. मांजराच्या विष्ठेतून पडणारी त्याची सूक्ष्म बीजे एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होतात आणि ओल्या मातीत महिनोन्महिने तग धरतात. तेथून ती पालेभाजीत आणि पाण्यात जातात. २००४ च्या सुमारास कोइंबतूरमध्ये दोनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांना हा संसर्ग झाला, तेव्हा संशय शहराच्या पाण्यावरच गेला होता.

वखारीत उंदरांना विष घालायचे नाही, हा या घराचा जुना नेम. त्यामुळे तेथे मांजर पिढ्यान्पिढ्या आहे. थोरल्या जाऊबाईंनी ते त्याच दिवशी दूर सोडून यायला सांगितले. मुंबईच्या एका नातलगांनी तर दूरध्वनीवर गर्भ काढून टाकण्याचाच सल्ला दिला. आतल्या खोलीत सूनबाईंनी तो ऐकला. त्या काही बोलल्या नाहीत.

सासरे स्वतः डॉक्टरांकडे गेले. त्यांना कळले ते असे: आयजीएम ताज्या संसर्गात उमटते खरे, पण कित्येकदा वर्षभर, त्याहूनही अधिक काळ रक्तात रेंगाळते. गर्भाला मुख्य धोका गरोदरपणात प्रथमच झालेल्या संसर्गाचा.

“म्हणजे रक्कम दिसते, तारीख दिसत नाही,” सासरे म्हणाले.

तारीख शोधण्यासाठी ‘ॲव्हिडिटी’ नावाची तपासणी असते. प्रतिपिंडांची पकड जितकी घट्ट, तितका संसर्ग जुना. पकड सैल निघाली असती तरी संसर्ग नवा असे सिद्ध झाले नसते. पुढील तपासण्या आणि स्पायरामायसिनचा विचार करावा लागला असता. नमुना मुंबईला गेला. पाचव्या दिवशी उत्तर आले: पकड घट्ट. दहाव्या आठवड्यात याचा अर्थ संसर्ग गर्भधारणेपूर्वीचा. सूनबाईंचे बालपण सांगलीकडच्या मळ्यात, मांजरांच्या संगतीत गेले होते; तेथे तो केव्हा झाला, कोण सांगणार!

मांजर वखारीतच राहिले. त्याची जागा आता सासरे रोज हातमोजे घालून साफ करतात. घरात पाणी गाळून घेण्याची शिस्त होतीच. मात्र ही बीजे इतकी बारीक की कापडाच्या गाळण्यातून सहज निसटतात, उकळीपुढे मात्र टिकत नाहीत. सासूबाईंचा उकळलेल्या पाण्याचा हंडा आता सर्वांसाठीच चुलीवर चढतो.

माघात मुलगी झाली. मुंबईचे नातलग पेढे घ्यायला आले, तेव्हा त्या दूरध्वनीचा विषय कोणी काढला नाही.