काट्याची साक्ष

मोठा फ्युएल पंप बसवला की ट्यूनिंग नव्याने करावेच लागते, हा समज इतका रूढ आहे की पंपाचे खोके घेऊन गॅरेजमध्ये आलेले गिऱ्हाईक मजुरीच्या आधी ट्यूनिंगचाच खर्च विचारते. आणि चार पैसे अधिक मिळण्याची संधी समोर असली, तरी प्रथम गेज लावून पाहू असे सांगणे, हे मी कारागिराचे कर्तव्य मानतो.

कारण असे, की परतीची नळी असलेल्या जुन्या इंजेक्शनच्या गाडीत पंपाकडे केवळ पुरवठा असतो. दाबावर अंमल चालतो तो रेग्युलेटरचा. तासाला 255 लिटरचा पंप टाकला, तरी आयडलिंगला इंजिन जेमतेम लिटरभर पेट्रोल घेते आणि उरलेले सारे टाकीत रवाना होते. कोठारात धान्य वाढले म्हणून मापाची पायली मोठी होत नाही.

गेल्या पावसाळ्यात मात्र एका तरुणाच्या गाडीचा नवा पंप सुरू केला आणि आयडलिंगला अडीच बारवर असणारा काटा 3.4 वर जाऊन बसला. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढली असता तो अर्ध्या बारने चढावयास हवा होता, तो जागचा हलेना. रेग्युलेटर पूर्ण उघडला होता, पण पेट्रोलला परतीची वाटच पुरत नव्हती. इंजेक्टरचा प्रवाह त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या फरकात मॅनिफोल्डचा अर्ध्या बारचा व्हॅक्यूमही धरावा लागतो. त्या हिशेबाने आयडलिंगला सुमारे 14 टक्के पेट्रोल जादा जात होते.

"काका, मॅपमध्येच तेवढं कमी करून टाका ना," तो म्हणाला. त्याची घाई मला समजत होती. परंतु व्होल्टेज बदलताच पंपाचा वेग बदलणार, त्यासरशी दाबही बदलणार, आणि अशा चंचल दाबावर बेतलेल्या ट्यूनिंगचा भरवसा मी त्याला कसा द्यावा? इंजेक्टर मोठे घातले, दाब हेतुपूर्वक वाढवला, किंवा जुन्या पंपाचा तुटवडा धरूनच आधीचा मॅप बेतलेला असला, तर ट्यूनिंग अपरिहार्य. येथे तसे काहीच नव्हते.

गाडी वर घेतली, तेव्हा टाकीजवळ परतीच्या नळीला चेप पडलेली आढळली. जुन्या पंपाचा बेताचा प्रवाह तीतून कसाबसा निभत असला पाहिजे. नळी बदलली. काटा अडीचवर उतरला, व्हॅक्यूमची नळी काढताच तीनवर गेला. पंपाच्या वायरीवर पुरते व्होल्टेज पोहोचते याची रुजवात घातली, आणि मॅपला हात न लावता मागची सीट जागेवर बसवली.