अवघड मैदान, पण कुणाला?

मी मूळचा चिखली तालुक्यातला. गोल्फ भेटला तो नोकरीनिमित्त पुण्यात आल्यावर, आणि खेळाइतकंच मला त्याच्या हँडिकॅपच्या, म्हणजे कमकुवत खेळाडूला किती जादा फटके द्यायचे त्याच्या, हिशोबानं धरून ठेवलं. नवख्यांना तो समजावून सांगणं हे काम मी आवडीनं अंगावर घेतलंय.

बहुतेकांना वाटतं, मैदान अवघड असलं तर सगळ्यांना सारखेच जादा फटके द्यावेत. हे मला कधीच पटलं नाही. आमच्याकडे धुऱ्याला धुरा लागून दोन शेतं असतात. एकाच्या विहिरीला पाणी, दुसरं कोरडवाहू. सोयाबीनच्या शेंगा भरताना पावसानं ओढ दिली, की पहिल्याचं उत्पन्न थोडं घटतं, दुसऱ्याचं हातचं जातं. खंड तोच, नुकसान निराळं.

मैदानाचंही तसंच, म्हणून त्याला दोन आकडे असतात. शून्य हँडिकॅपचा पट्टीचा खेळाडू तिथं किती फटके घेईल, ते कोर्स रेटिंग. साधारण 20 हँडिकॅपचा, म्हणजे 'बोगी' खेळाडू त्याच्या किती मागे पडेल, त्यावरून निघतं ते स्लोप रेटिंग. स्लोप 55 ते 155 मध्ये असतो. 113 हे प्रमाण. आपल्या हँडिकॅपच्या आकड्याला, म्हणजे इंडेक्सला, स्लोपनं गुणायचं, 113 नं भागायचं, मग कोर्स रेटिंगमधून पार, म्हणजे मैदानाचे ठरलेले फटके, वजा करून उरेल ते मिळवायचं. रेटिंग आणि पार सारखे धरले, तर 130 स्लोपच्या मैदानावर 18 इंडेक्सवाल्याला 21 फटके मिळतात. 2 इंडेक्सवाल्याला मात्र 2 च.

हे वरचे तीन फटके येतात कुठून? मोजणी करणारं पथक दोघांच्याही पावलांनी मैदान चालतं. पट्टीच्या पुरुष खेळाडूचा पहिला फटका 250 यार्ड धरतात, दुसरा 220. बोगीवाल्याचे 200 आणि 170. चेंडू जिथं पडेल तिथं उभं राहून बघायचं: फेअरवे किती रुंद, बंकर किती जवळ, उभं राहायला जमीन सपाट की उताराची, झाडांतून वाट निघेल का, ग्रीन किती वेगवान. समजा, 190 ते 215 यार्डांवर तळं आहे. पट्टीचा खेळाडू ते सहज ओलांडतो. बोगीवाल्याला अलीकडेच थांबावं लागतं आणि तिथून पुढचा सगळा होल लांबतो. स्त्री-खेळाडूंसाठी अंतरं वेगळी, मोजणीही वेगळी.

पूर्वी मैदान फक्त पट्टीच्या खेळाडूच्या नजरेनं मोजलं जाई. अमेरिकेतल्या डीन कनूथ यांनी बोगीवाल्याचा विचार या मोजणीत आणला, आणि 1980 च्या दशकात तिथं स्लोप रुजला. 2020 पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीचा तो कणाच आहे. या खेळातला सगळ्यात न्याय्य शोध मी यालाच म्हणेन.

नियमानं दहा वर्षांतून एकदा तरी फेरमोजणी व्हायला हवी. आपल्याकडे मात्र पावसाळ्यागणिक झाडं झपाट्यानं वाढतात, क्लब नवे बंकर खणतात. माझं म्हणणं, असा बदल झाला की दहा वर्षं थांबू नये, पथकाला लगेच बोलवावं. कारण जुन्या आकड्याचा भुर्दंड आधी कमकुवत खेळाडूच भरतो.