तळपायाची ऊब

सावर्ड्याच्या बाजारात माझे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी, चार्जिंगचे दिवे, जे येईल ते उघडून बसायचे. मुंबई-गोवा रस्त्यावरचे गाव, त्यामुळे गिऱ्हाईकही सगळ्या तऱ्हेचे. पण थंडीत वापरायचे बूट बनवण्याची पाळी माझ्यावर येईल असे कधी वाटले नव्हते. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे फजरला जाताना शाल घेतली की झाले.

आपल्या कोकणी मुस्लिम घरांत एखादा तरी मुलगा परमुलखात असतोच. आजोबांच्या पिढीत बोटीवर, मग कुवेत, सौदी, कतार. आता पोरे कॅनडालाही जातात. आपांचा मुलगा, माझा भाचा, तसाच गेला. रात्रपाळीला एका मालाच्या यार्डात काम मिळाले. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकची नोंद करत उघड्यावर, सिमेंटच्या लादीवर तासन्‌तास उभे राहायचे. पारा उणे 20 पर्यंत उतरलेला. एका रात्री त्याचा फोन आला.

"मामू, हात खिशात घालता येतात. पाय कुठे घालू? बोटे लाकडासारखी होतात. इथे बॅटरीवर गरम होणारे बूट मिळतात, पण पहिल्या वर्षात परवडत नाहीत. तुम्ही काही करून द्याल का?"

भाच्याने मागितले आणि मामूने नाही म्हटले, असे कसे होईल? मी लागलो कामाला.

कल्पना तशी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या बाँबफेकी विमानांतले सैनिक विजेच्या तारा शिवलेले कपडे आणि पायमोजे घालत. वीज विमानातूनच मिळे. आपल्याकडे सियाचिन आणि लडाखच्या जवानांसाठी डीआरडीओने बंकर गरम ठेवणारे 'हिमतापक' नावाचे साधन तयार केले आणि हिमदंशापासून त्वचा वाचवणारे मलमही. माझ्यापुढचा प्रश्न मात्र छोटा होता. बुटात मावेल एवढी वीज किती, आणि ती किती वेळ पुरेल?

हिशेब सोपा आहे. लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसा एक गोल लिथियम सेल 3.7 व्होल्टचा, 2600 मिलिअँपिअर-तासांचा. म्हणजे त्यात साधारण साडेनऊ वॉट-तास ऊर्जा. एका पायाला 4 वॉट दिले, तर सव्वादोन ते अडीच तास. त्यासाठी तारेचा रोध साडेतीन ओहमच्या आसपास हवा. माझ्याकडे नायक्रोमची तार पडलेली होती. ती मोजून कापली, नागमोडी वळवून दोन कापडांच्या मध्ये शिवली आणि वर बुटातला तळवा चिकटवला. घोट्याजवळ सेलची डबी, तिच्यावर एक बटण.

आता उणे 20 सावर्ड्यात कुठून आणायचे? आइस्क्रीमवाल्या मित्राच्या डीप फ्रीजरमध्ये उणे 18 असते. सेल त्यात ठेवून तार बाहेर काढली आणि घड्याळ लावून बसलो. दुकानात सव्वादोन तास चाललेला सेल तिथे पावणेदोन तासांतच थकला. थंडीत लिथियम सेलच्या आतली क्रिया मंदावते, म्हणून तो कमी वीज देतो. शून्याखाली असताना तो चार्ज करणे तर धोक्याचे, आत धातू साचून सेल कायमचा बिघडतो. म्हणजे डबी बुटाबाहेर नको, अंगाच्या उबेत, पँटच्या आतल्या खिशात हवी. एवढे शिकलो आणि स्वतःवर खूश झालो. तयार जोडी घरी आणून कपाटावर ठेवली.

चूक झाली ती इथे.

अब्बांना पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार. थंडी पडली की "पाय गार पडलेत" ही त्यांची रोजची तक्रार. एका रात्री इशानंतर त्यांनी ती जोडी उतरवली, पायात घातली, बटण दाबले, पायांवर चादर ओढली आणि खुर्चीतच त्यांना झोप लागली. सकाळी वजूला बसले तेव्हा माझ्या मुलीने पाहिले, "दादाजी, पायाला काय झाले?" अंगठ्याच्या खाली रुपयाएवढा फोड, बाजूला लालभडक रेघ. तार वळवली होती अगदी तशीच. अब्बा म्हणाले, "मला तर काही जाणवले नाही."

त्याच दिवशी डेरवणला नेले. डॉक्टरांनी समजावले की फार वर्षे साखर राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. चटका बसतो, पण खबर मेंदूपर्यंत पोचत नाही. भाजायला आगच लागते असेही नाही. 44-45 अंशांची वस्तू काही तास त्वचेला चिकटून राहिली तरी पुरे. बोचऱ्या थंडीत जे 4 वॉट जेमतेम पुरले असते, तेच आमच्या घरात, चादरीखाली, तारेच्या एका घडीवर साचले. साखरेच्या माणसाची जखमही लवकर भरत नाही. पुढचे सहा आठवडे ड्रेसिंग चालले. अब्बा मला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते. पाय वाचला, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या सहा आठवड्यांत दुकानात सोल्डरिंग हातात घेतले की मला ती लाल रेघ दिसायची.

मी भाच्याला फोन करून सगळे सांगितले. म्हणालो, "तुझे पायही थंडीने बधिर होतात. म्हणजे तुझी आणि अब्बांची गत एकच. जाणीव नसलेल्या पायाला गरम वस्तू लावायची नाही." मग पहिल्यांदाच मी त्याला नीट विचारले की पाय गार पडतात नेमके कधी? हे आधी विचारायला हवे होते. तो आठवून म्हणाला, "मगरिब-इशाच्या नंतर जास्त." वजू करून तो कागदाने पाय घाईघाईने पुसायचा आणि तसेच ओलसर पाय बुटात घालायचा. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने ऊब ओढून नेते. त्यात त्याने दोन जोड मोजे कोंबून बूट घट्ट केलेला, म्हणजे रक्तही नीट फिरत नव्हते. असल्या पायाखाली बॅटरी लावून काय होणार?

मौलानांना विचारले. ते हसून म्हणाले, "तोड तर दीनमध्ये कधीचीच आहे. खुफ्फैन." आम्ही शाफई. त्यांनी अटी सांगितल्या. चामड्याचे मोजे घोटे झाकणारे, पाणी आत न जाऊ देणारे आणि घालून चालता येईल एवढे टिकाऊ हवेत. ते पूर्ण वजू करून, पाय धुऊन मगच घालायचे. मग वजू तुटल्यापासून मुक्कामी माणसाला एक दिवस-एक रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री त्यांवर मसह करता येतो, आणि तो पायाच्या वरच्या बाजूला. गुस्ल वाजिब झाला तर मात्र ते काढावे लागतात. साध्या कापडी मोज्यांचा मसला वेगळा, तो आपल्या आलिमांना विचारूनच ठरवावा. सगळे ऐकताना माझ्या मनात आले, अल्लाहने दिलेली ही सवलत आपण पुस्तकात वाचतो आणि पुढे जातो. तिची किंमत उणे 20 मध्ये उभे राहणाऱ्याला कळते.

भाचा आता घरून नीट वजू करून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, लोकरीचा एक मोजा आणि त्यावर खुफ्फ घालून निघतो. बूट एक नंबर मोठा घेतला. तळाशी जाड नमद्याचा थर टाकला, कारण थंडी लादीतूनच वर चढते. एवढ्यानेच त्याची बरीचशी तक्रार संपली.

तरी सर्वांत कडक रात्रींसाठी मी दुसरी जोडी केली. या वेळी तारेऐवजी रुंद कार्बनची पट्टी, म्हणजे ऊब एका रेघेत साचत नाही. ती बोटांखाली न ठेवता पंजावर, कापडाच्या दोन थरांआड बसवली. 38 अंशांवर वीज तोडणारा संवेदक लावला आणि वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारी व्यवस्थाही. ओळखीचे एक जण तिकडे जात होते, त्यांच्याबरोबर पाठवली, पण सेलशिवाय. सुटे लिथियम सेल विमानात सामानाच्या बॅगेत टाकता येत नाहीत, आणि घरी जोडलेले सेल दुसऱ्याच्या हातात देणे मला बरोबर वाटले नाही. ते त्याने तिकडेच चांगल्या दुकानातून घेतले. सूचना एकच लिहून दिली: पाय शाबूत असताना, ऊब टिकवायला चालू करायची. बधिर झालेल्या पायावर नाही. तेव्हा आत जायचे, ओले मोजे काढायचे आणि दवाखाना गाठायचा. चोळायचेही नाही, शेगडीपुढेही धरायचे नाही.

पहिली जोडी मी मोडून टाकली. अब्बांसाठी आता सैल लोकरी मोजे आहेत. वजूचे पाणी गरम केले तर आधी घरातले दुसरे कोणी कोपर बुडवून पाहते. रात्री इशानंतर माझी मुलगी आरसा घेऊन दादाजींच्या पायाशी बसते आणि दोन्ही तळवे पाहते. ज्यांच्या घरात साखरेचे माणूस आहे त्यांनी एवढे तरी जरूर करावे. गरम पाण्याची पिशवी, शेकायची वीट, हीटर, काहीही त्या पायांजवळ नेऊ नये.

हुनर अल्लाहची देणगी आहे. पण ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याला आधी विचारावे, आणि केलेली वस्तू कोणाच्या हाती पडेल याचाही विचार करावा. मी दोन्ही विसरलो आणि त्याची किंमत अब्बांच्या पायाने मोजली. अल्लाह मला माफ करो, आणि आपल्या परदेशी असलेल्या सर्व लेकरांना सलामत ठेवो. आमीन.