सुट्टीत इस्लामपूरला येताय?

दोस्तांनो, आजोळ इस्लामपूरला असेल तर यंदा आधी नकाशा उघडा. (२०२५ मध्ये शासनाने शहराचं नाव ईश्वरपूर केलं, जुन्या नकाशात इस्लामपूरच शोधा.) वाळवा तालुका कृष्णा आणि वारणेच्या मधला, म्हणून जिकडे बघावं तिकडे ऊस! दोन दिवस काढा आणि दोन दिशा ठरवा.

पहिला दिवस कृष्णाकाठी. बहे गावाजवळ नदीच्या पात्रात बेट आहे. तिथे रामलिंगाचं देऊळ आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती. पण भर पावसाळ्यात हा बेत नकोच, कृष्णेला पूर असतो. पुढे येडेमच्छिंद्र, क्रांतिसिंह नाना पाटलांचं गाव. १९४३ ते १९४६ त्यांच्या प्रतिसरकारने इंग्रजांच्या नाकावर टिच्चून गावोगावी न्यायनिवाडे केले! जवळचा मच्छिंद्रगडही चढून या.

दुसऱ्या दिवशी पेठ नाका ओलांडून शिराळ्याला. इथला मारुतीही अकरांतलाच. गाव प्रसिद्ध आहे ते नागपंचमीसाठी. पूर्वी इथे जिवंत नाग पकडून मिरवत. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने नागाला संरक्षण आहे, त्यामुळे प्रकरण न्यायालयात गेलं आणि बंदी आली. गावकरी म्हणतात, ‘आमची परंपरा!’ प्राणिमित्र म्हणतात, ‘नागाचे हाल!’ गावातल्या आजोबांना जरूर विचारा, आणि मग घरी वाद घाला.

हो, निघण्याआधी स्टँडवर परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ विचारून ठेवा बरं का!